आधी स्वयंपाक, मग आवराआवर?

‘आधी सगळं रांधून होऊ दे, मग एकदाच काय ते आवरू.’ स्वयंपाकघरातल्या गैरसमजांपैकी सगळ्यांत घट्ट बसलेला हा. त्यात वेळ वाचतो असं वाटतं, पण उलट वेळ वाढतो, आणि त्यात आळसाचा काही संबंध नाही. पाच मिनिटांपूर्वी सांडलेलं वरण आणि दोन तासांपूर्वी सांडलेलं वरण घासणाऱ्याच्या हाताला दोन वेगळे पदार्थ लागतात, कारण मधल्या वेळात त्याचं रसायन बदललेलं असतं.

फोडणीचं तेलच बघा. मोहरी तडतडते तेव्हा तेलाचे थेंब शेगडीवर, मागच्या फरशीवर, मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर उडतात. ताजे असताना ते कागदाच्या तुकड्यानेही निघतात. तसेच राहिले, रोज त्यांना शेगडीची धग लागत गेली, तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलाचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि चिकट, पिवळट थर बनतो. तो आता नुसतं तेल राहिलेला नसतो, वॉर्निशच्या जातीचा पदार्थ झालेला असतो. करडईचं तेल रंगांमध्ये वापरलं जातं ते याच गुणामुळे. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं साधारणपणे लवकर चिकटतात, शेंगदाण्याचं त्या मानाने सावकाश, खोबरेल तेल फारच कमी. त्यामुळे ज्या घरात सूर्यफुलाचं तेल आहे तिथे शेगडीमागची फरशी रोज रात्री पुसायचं काम अर्ध्या मिनिटाचं असतं आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबलं तर अख्ख्या दुपारचं. चिमणी बसवली की ही कटकट संपते असं सांगून ती विकली जाते. चिमणी धूर, वाफ आणि हलके कण ओढून घेते. जड थेंब कढईच्या आसपासच पडतात. शिवाय जाळीवर तेल साचलं की तिची ओढही मंदावते, म्हणजे तीही घासावी लागणाऱ्या वस्तूंतच आली.

दुसरा समज गरम पाण्याचा. भांडं कसलंही असो, कढत पाणी ओतलं की स्वच्छ निघतं, असं अनेक जण धरून चालतात. तेलातुपाच्या भांड्यासाठी ते खरं आहे, कारण उष्णतेने स्निग्ध पदार्थ पातळ होतो आणि साबणाला तो धरून ठेवणं सोपं जातं. पण कणकेची परात, बेसन कालवलेलं पातेलं, डोशाच्या पिठाचा डबा यांत कढत पाणी घातलं तर कच्च्या पिठातला स्टार्च फुगून त्याची खळ होते आणि ती कडांना चिकटून बसते. अंड्याचं आणि दुधाचंही तसंच. त्यांतली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात. या सगळ्या भांड्यांना आधी साधं गार पाणी घालावं, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यावं, मग साबण. दुधाचं पातेलं रिकामं झाल्याबरोबर त्यात पाणी घातलं तर साय बोटाने सुटते. तळाला लागलेलं असेल तर पाण्यात थोडा खायचा सोडा घालून उकळावं, मात्र भांडं स्टीलचं असेल तरच. सोड्याने अॅल्युमिनियम काळं पडतं. गरम पाण्याने जंतू मरतात असंही म्हणतात. हाताला सोसवेल एवढ्या गरम पाण्यात ते मरत नाहीत. ते निघून जातात साबण, घासणं आणि वाहतं पाणी यांनी.

पोळ्या लाटताना सांडणाऱ्या पिठीची गोष्ट याच्याच पुढची. ओट्यावर पिठी दिसली की हात आपसूक ओल्या फडक्याकडे जातो. गव्हाच्या पिठाला पाणी आणि चोळणं मिळालं की त्यात चिकटपणा तयार होतो. कणीक मळताना आपल्याला नेमकं तेच हवं असतं. ओट्यावर ते नको असेल तर पिठी आधी कोरडीच गोळा करावी आणि मग ओलं फडकं फिरवावं. पोळपाटाखाली मोठं ताट ठेवलं तर पिठी ओट्यावर येतच नाही.

कुकरच्या शिट्टीतून वरणाचे फवारे उडायचेच, अशी समजूत करून घेऊन कित्येक घरांत रोज झाकण, शेगडी आणि भिंत पुसली जाते. ते टाळता येतं. डाळ शिजताना तिच्यातल्या प्रथिनांमुळे आणि स्टार्चमुळे फेस येतो. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर तो वर चढून शिट्टीच्या वाटेने निघतो. डाळ थेट कुकरमध्ये लावत असाल तर पाण्यासकट निम्म्याच्या वर जाऊ देऊ नये. डब्यात लावत असाल तर डब्याला वर मोकळी जागा ठेवून झाकणी ठेवावी. झाकण लावण्याआधी डाळीत चमचाभर तेल घालावं, त्याने फेस बसतो, आणि वाफ धरली की आच कमी करावी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घाईने शिट्टी उचलून वाफ सोडू नये. कुकरच्या आत पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापलेलं असतं. दाब एकदम काढला की ते सगळीकडून उसळतं आणि वरण बाहेर घेऊन येतं. ओट्यावर डाग पडणं हा त्यातला लहान धोका, हात भाजणं हा मोठा. अॅल्युमिनियमच्या कुकरच्या तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची फोड टाकायची जुनी रीत मात्र पूर्ण शास्त्रीय आहे. आम्लामुळे कुकर आतून काळा पडत नाही.

जुन्या रीतींवरून आठवलं. राखेने भांडी घासणं म्हणजे साबण परवडत नव्हता म्हणून केलेली तडजोड, असं आज मानलं जातं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कधर्मी असल्यामुळे तेलकटपणा सोडवतं, आणि राखेची बारीक पूड घासायचं काम करते. पितळेला चिंच लावायची ती तिच्यातल्या आम्लाने काळपट थर विरघळतो म्हणून. एका कामाला अल्क, दुसऱ्याला आम्ल, हे आपल्या आज्यांना वापरातून नीट ठाऊक होतं.

आज मोबाइलवर दिसणाऱ्या युक्त्यांत नेमकं हेच विसरलं जातं. खायचा सोडा टाकून त्यावर व्हिनेगर ओतायचं, फसफस झाली की डाग गेले असं दाखवायचं. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेसात कार्बन डायऑक्साइड असतो, खाली पाणी आणि सोडियम अॅसिटेट उरतं, आणि त्यांत साफ करण्याची ताकद जवळजवळ नसते. सोडा स्वतंत्रपणे चांगला, ओशट ओट्यासाठी. व्हिनेगर किंवा लिंबूही स्वतंत्रपणे चांगलं, नळावर आणि सिंकमध्ये जमलेल्या क्षारांच्या पांढऱ्या थरासाठी. बोअरचं पाणी येणाऱ्या घरांना हा थर चांगला परिचयाचा आहे. ओटा संगमरवरी असेल तर मात्र लिंबू-व्हिनेगर दूर ठेवावं, आम्ल संगमरवर खातं.

सोडा-व्हिनेगरमुळे नुकसान फक्त वेळेचं होतं. ‘दोन औषधं एकत्र केली की दुप्पट स्वच्छता’ ही त्याच्या पुढची कल्पना जिवावर बेतू शकते. ब्लीचिंगचं द्रावण आणि संडास धुण्याचं अॅसिड किंवा कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचा पुसायचं द्रव्य एकत्र आलं तरीही विषारी वायू होतो. तुंबलेलं सिंक मोकळं करण्याच्या घाईत, खिडकी बंद असलेल्या लहान स्वयंपाकघरात, हे घडायला वेळ लागत नाही. एका वेळी एकच द्रव्य वापरावं आणि त्यानंतर भरपूर पाणी सोडावं.

आवरलेलं आणि स्वच्छ या दोन गोष्टी एकच, हा समज दिसायला निरुपद्रवी आहे, पण मला तो सगळ्यांत काळजीचा वाटतो. ओटा लखलखीत दिसतो, आणि तो पुसलेल्या फडक्यानेच ताट पुसलं जातं, हात पुसले जातात, गरम पातेलं उतरवलं जातं. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी घराघरांत वापरले गेलेले १४ स्पंज तपासले. त्यांत जिवाणूंची प्रचंड दाटी आढळली. ओल्या घासणीला कुबट वास आणणारा मोराक्सेला जातीचा जिवाणूही त्यांत होता. जे लोक स्पंज नियमाने निर्जंतुक करत असल्याचं सांगत होते त्यांच्या स्पंजांतही जिवाणू कमी नव्हते. ते सगळे रोगच आणतात असं नाही, पण घासणी बराच काळ ओली राहिली की काय होतं ते त्यातून कळतं. घासणी पिळून उभी वाळत ठेवावी, वरचेवर बदलावी. फडकी वेगवेगळी असावीत आणि रोज उन्हात पडावीत. आपल्याकडे ऊन ही गोष्ट फुकट आणि मुबलक आहे.

मांसाहारी घरांत चिकन नळाखाली खळखळून धुतल्याशिवाय स्वयंपाकाला सुरुवात होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कच्चं चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जिवाणू सापडले, आणि सिंक साफ करण्याचा प्रयत्न केल्यावरही १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये ते उरलेच होते. जंतू मारतं ते नीट शिजवणं. बाजारातून आणलेलं चिकन न धुता शिजवायला आपलं मन तयार होत नाही, हे मी समजू शकते. मग निदान नळाची धार त्यावर सोडू नये. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावं, शेजारी कोथिंबीर किंवा कोशिंबिरीची काकडी ठेवू नये, आणि लगेच सिंक व हात साबणाने धुवावेत. मासळी साफ केल्यावर धुवावी लागतेच, तिथेही हीच पद्धत बरी.

‘गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये’ म्हणून रात्रीचा भात झाकून सकाळपर्यंत ओट्यावर राहतो. भातात टिकून राहणारे काही जिवाणू अशाच कोमट अवस्थेत वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पसरट डब्यात काढून वाफ निवली की, दोन तासांच्या आत, फ्रिजमध्ये ठेवावं.

आता जागेबद्दल. मोठं स्वयंपाकघर असतं तर आवरलेलं राहिलं असतं, असं मुंबई-पुण्याच्या छोट्या घरांत फार ऐकू येतं. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. पावलं आणि हालचाली मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. काप करायच्या ओट्यातच सालं-देठं टाकण्यासाठी काढता-घालता येणारा खण होता. रोजच्या धान्या-पिठासाठी मुठीचे डबे हाताशी होते. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. विळीखाली जुना कागद पसरून भाजी चिरणाऱ्या आपल्या घरांतही हाच विचार आहे: कचरा जिथे होतो तिथेच तो गोळा करायचा. मोठ्या ओट्यावर उलट वस्तू मुक्कामाला येतात. मिक्सर, टोस्टर, औषधांच्या बाटल्या, विजेचं बिल. लहान ओटा रिकामा ठेवला तर त्यावर चार माणसांचा स्वयंपाक निवांत होतो.

साधा रोजचा क्रमही जागेइतकाच उपयोगी पडतो. आधी कुकर लावावा. त्याच्या शिट्ट्या होईतो भाजी चिरून सालं ओल्या कचऱ्यात जातात, विळी आणि चाकू धुऊन पुसले जातात. कणीक मुरत ठेवून फोडणी द्यावी. भाजीवर झाकण पडलं की मसाल्याचा डबा जागेवर जातो, शेगडी एकदा पुसून होते, मिक्सरचं भांडं पाणी घालून एकदा फिरवलं की चटणीचं निम्मं काम उरकतं. पोळ्या शेवटी, म्हणजे पिठी एकदाच सांडते आणि पानं वाढायच्या वेळी सिंकमध्ये परात, पोळपाट-लाटणं आणि तवा एवढंच उरतं.

फ्रँकफुर्टच्या त्या स्वयंपाकघरावर पुढे एक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. त्यात एकच माणूस मावत असे आणि ते माणूस घरातली बाई असे. आपल्याकडे त्या टीकेला आकडेही आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुष २६.१ टक्के. करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणून ‘तिच्या हाताला टापटीप आहे’ हे कौतुक जपून ऐकावं. वर सांगितलेल्या गोष्टींत बाईच्या हातातच उतरेल असं एकही कसब नाही. कुठल्या भांड्याला गार पाणी घालायचं आणि कुठल्याला गरम, हे एकदा सांगितलं की घरातल्या कुणालाही कळतं.

कुकर चालू असताना वापरलेली भांडी भिजवणं, डबे झाकणं लावून जागेवर ठेवणं, पोळ्या भाजणाऱ्याच्या शेजारी उभं राहून पिठी कोरडी गोळा करणं, जेवल्यावर खरकटं काढून ताटं रचणं, रात्री सिंक कोरडं करून फडकी वाळत घालणं, ही कामं दहा वर्षांच्या मुलाला जमतात आणि साठीच्या आजोबांनाही. विळी, उकळतं तेल आणि दाब न उतरलेला कुकर तेवढा मुलांच्या हाती देऊ नये.