मोबाईलवरून कॉलेजचा क्लस्टर कसा वापरायचा? माझ्या चुकीतून शिका!

मी जुन्नर तालुक्यातला, नारायणगावच्या शेजारचा. पुण्यात एमएस्सी करतो. गेल्या दिवाळीत गावी आलो आणि मागोमाग असाइनमेंट आली: टोमॅटोच्या पानांचे हजारो फोटो वापरून रोगट पान ओळखणारं मॉडेल तयार करायचं. लॅपटॉप दुरुस्तीला टाकलेला, हातात फक्त मोबाईल. पण विभागाने प्रत्येकाला क्लस्टरचं अकाउंट दिलं होतं. म्हटलं, झालं काम! लॉगिन केलं, प्रोग्रॅम सुरू केला आणि अर्ध्या तासात मेल आला: तुमचा प्रोग्रॅम बंद केलाय, अकाउंट दोन दिवस बंद राहील. असाइनमेंट द्यायला उरले होते चार दिवस.

चूक शंभर टक्के माझीच होती. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

क्लस्टर म्हणजे नेमकं काय?

आमच्याकडे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ डिश मध्यभागी, साधारण एक किलोमीटरच्या परिसरात. उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. एवढी मोठी एकच डिश बांधणं शक्यच नाही. म्हणून प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक डिश जोडून एक दुर्बीण उभी केली.

क्लस्टरचंही तसंच. तो एक राक्षसी कॉम्प्युटर नसतो. बरेच कॉम्प्युटर वेगवान नेटवर्कने जोडलेले असतात आणि काम वाटून घेतात. त्यातल्या एकेका कॉम्प्युटरला 'नोड' म्हणतात.

गंमत म्हणजे त्या डिशनाही असा संगणकांचा ताफा लागतोच. ३० डिशच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. प्रत्येक जोडीचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघावे लागतात, तेही सतत. २६ सप्टेंबर २०२४ ला देशात तीन 'परम रुद्र' सुपरकॉम्प्युटरचं लोकार्पण झालं, त्यातला एक जीएमआरटीसाठी आहे. आपल्या विभागाचा क्लस्टर एवढा मोठा नसतो, पण वापरायची पद्धत बरीचशी तीच.

माझं चुकलं कुठे?

लॉगिन केल्यावर तुम्ही ज्या कॉम्प्युटरवर पोचता, तो असतो 'लॉगिन नोड'. तो सगळ्यांचा सामाईक. तिथे फाईल ठेवायची, प्रोग्रॅममध्ये बदल करायचा, काम नोंदवायचं, बस्स. खरं काम चालतं 'कॉम्प्युट नोड'वर. मी मॉडेल थेट लॉगिन नोडवरच चालवलं. त्यामुळे त्या वेळी लॉगिन केलेल्या सगळ्यांचंच काम रेंगाळलं.

मग कॉम्प्युट नोड मिळतो कसा? हे मी घरी आप्पांना समजावत होतो: "आधी सांगायचं, किती जागा लागेल, किती वेळ लागेल. मग आपली पाळी आली की काम चालू होतं."

आप्पा म्हणाले, "मंग ही उसाची नोंदच की रं!"

अगदी बरोबर. कारखान्याकडे नोंद करताना क्षेत्र, जात, लागणीची तारीख सांगतो आणि मग तोडीची वाट बघतो. तोड कुणाची आधी, हे कारखाना ठरवतो. क्लस्टरवर हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेड्यूलर' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी 'स्लर्म' वापरतात.

स्टेप बाय स्टेप

१. ॲप घ्या. अँड्रॉइडवर टर्मक्स, आयफोनवर टर्मियस चालतं. यातून 'एसएसएच' या सुरक्षित पद्धतीने क्लस्टरला जोडता येतं.

२. आधी व्हीपीएन. कॅम्पसबाहेरून बहुतेक क्लस्टर थेट उघडत नाहीत. कॉलेजने दिलेलं व्हीपीएन सुरू करा. पासवर्ड मित्रालाही देऊ नका. तुमच्या अकाउंटवर जे होईल त्याला जबाबदार तुम्हीच.

३. डेटा थेट क्लस्टरवर उतरवा. आधी मोबाईलवर डाउनलोड करून मग वर चढवलात, तर नेटपॅक दोनदा जाईल.

४. जॉब स्क्रिप्ट लिहा. ही तुमच्या कामाची नोंद. साधी टेक्स्ट फाईल असते. वरच्या ओळींत किती कोअर, किती मेमरी, जीपीयू हवा का, किती वेळ हवा. खाली प्रोग्रॅम चालवायची कमांड.

५. नोंद करा. 'एसबॅच' कमांडने स्क्रिप्ट पाठवली की जॉब नंबर मिळतो. 'एसक्यू' कमांडने रांग दिसते: 'पीडी' म्हणजे काम थांबलंय, 'आर' म्हणजे चालू आहे. चुकीचं काम गेलं तर 'एसकॅन्सल'.

वेळ किती मागायचा?

अकाउंट सुरू झालं तेव्हा हातात दोन दिवस होते. घाबरून मी एकदम २४ तास मागितले. दिवसभर बघतोय, 'पीडी' काही हलेना. मग डोकं चालवलं. थोडेच फोटो घेऊन छोटी चाचणी केली, तिच्यावरून हिशोब काढला, पूर्ण काम तासाभराचं निघालं. जुना जॉब रद्द केला आणि नव्याने दोन तास मागितले.

याचा फायदा का होतो? मोठ्या कामासाठी शेड्यूलर नोड राखून ठेवतो, तेव्हा मधे रिकामा वेळ उरतो. त्या फटीत छोटं काम बसवता येतं. याला 'बॅकफिल' म्हणतात. पण फार कमीही मागू नका. वेळ संपला की काम अर्धवट असलं तरी बंद पडतं. मेमरी कमी पडली तरी तेच. म्हणून हिशोबापेक्षा थोडं जास्त मागा आणि मधून मधून निकाल सेव्ह होत राहील असं बघा.

मोबाईलची रेंज गेली तर?

काही होत नाही! त्या रात्री शेतीची लाईट रात्रपाळीची होती. आमच्याकडे बिबट्याचा वावर, त्यामुळे आप्पांना एकट्याला पाणी धरायला पाठवायला जिवावर येतं. मी बॅटरी घेऊन बरोबर गेलो. बांधावर रेंज नाही, त्यात मोबाईलचं चार्जिंगही संपलं. पहाटे घरी येऊन लॉगिन केलं तर काम कधीच संपलेलं, निकाल फाईलमध्ये तयार. एकदा नोंद झाली की काम क्लस्टरवर चालतं, तुमचा मोबाईल ही फक्त खिडकी. खिडकी मिटली म्हणून आतलं काम थांबत नाही.

शेवटची गोष्ट: निकालाची फाईल लगेच उतरवून घ्या. 'स्क्रॅच' नावाची जागा तात्पुरती असते, बऱ्याच ठिकाणी तिथल्या जुन्या फाईल आपोआप पुसल्या जातात.

असाइनमेंट वेळेत गेली. मार्क बरे पडले. पण खरं शिकलो ते वेगळंच: क्लस्टर सगळ्यांचा असतो. लागेल तेवढंच मागा, तुमचंही काम लवकर होईल आणि मागच्याचंही.