भिंतीत मुरलेली ओल

बीडच्या दवाखान्यात आमचा नंबर चौदावा. बाकावर बसण्याआधी अक्का थैलीतून टॉवेलची घडी काढून खाली अंथरते. अंगावर गडद जांभळी साडी; पाळीत ती फिकं नेसतच नाही.

आत गेल्यावर डॉक्टरबाई तिची खालची पापणी ओढून बघतात. पांढरीफटक. रिपोर्टवर हिमोग्लोबिन ८.२.

"कधीपासून एवढं जातंय?"

"धाकटा झाल्यापासून. अकरा वर्षं."

"आणि अंगावर काढलंत?"

"बायकांचं चालायचंच, म्हणतात सगळे."

बाई केसपेपर उलटा करून गर्भपिशवीचं चित्र काढतात. "हे आतलं अस्तर. दर पाळीला गळून जातं. तुमचं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरलंय, पावसाळ्यात ओल मुरते तसं. पाळी आली की तेही तिथेच सुजतं, म्हणून या कळा. पिशवी फुगून गोल झालीय. याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. हा कॅन्सर नाही."

"आधीचे डॉक्टर पिशवीच काढा म्हणाले," मी सांगते.

माझ्या पोटात तीच भीती आहे. २०१९ साली याच जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

"काढली की हा आजार मुळातून जातो, हे खरं," बाई म्हणतात. "गाठ असती तर आंब्याच्या कोयीसारखी वेगळी काढता आली असती. याला कडाच नसते, म्हणून नुसतं तेवढंच कापणं अवघड. पण पिशवी काढणं हा शेवटचा उपाय. पाळी कायमची गेली की हा त्रास बहुधा आपोआप शमतो. तुम्ही एक्केचाळीसच्या. तोवरची वाट सोपी करू."

बाई बोटांवर उपाय मोजतात. रक्तस्राव आवरायला पाळीपुरती ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी, कळांसाठी वेदनाशामक. नाहीतर रोजची डायनोजेस्ट. किंवा हार्मोनची टी: आतच थोडंथोडं औषध सोडते, काही वर्षं चालते, पहिले काही महिने अधूनमधून डाग दिसतात. कशानेच भागलं नाही तर ऑपरेशन. लोहाच्या गोळ्या मात्र आजपासूनच.

मी भावजींना फोन लावायला उठते. अक्का माझा हात धरून खाली बसवते. इतका वेळ ती त्या चित्राकडेच बघत होती.

"बाई, ती टी बसवताना दुखतं का?"

"थोडं दुखतं. आधी सांगून, मगच बसवीन."

अक्का केसपेपरची घडी घालते, चित्र आतल्या बाजूला ठेवून.