जिराफाची मान आणि शेजाऱ्याचे शेत



चौलच्या व्याख्यानमालेत जिराफावर बोलावयाचे, हे ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. आपल्या अष्टागरातल्या वाड्यांत वानरे येतात, क्वचित बिबळ्याची वार्ता कानी येते. जिराफाचा येथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो अकराशे वर्षांचा आहे. अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी इ. स. ९१५-१६ च्या सुमारास या बंदरात येऊन गेला. त्याने चौलला 'सैमूर' म्हटले आहे, आणि येथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या व्यापाऱ्यांची मोठी वस्ती असल्याचे लिहून ठेवले आहे. त्याच्या त्याच ग्रंथात आफ्रिकेच्या वर्णनात जिराफाचीही हकीकत येते. त्या काळी हे जनावर दोनतीन जनावरांच्या संकरातून झाले, अशी समजूत होती. फारसी भाषेत तर त्याचे नावच 'उंट-गाय-बिबळ्या' अशा अर्थाचे आहे. आपला 'जिराफ' हा शब्द मूळच्या अरबी 'जराफा'वरून आला.

त्याचे कुळही आपल्याला अगदी परके नव्हे. शिवालिकच्या टेकड्यांत जिराफाच्या एका प्रचंड, नष्ट झालेल्या भाऊबंदाचे अवशेष सापडले. १८३६ साली त्याला शिवाच्या नावावरून 'शिवथेरियम' असे नाव देण्यात आले. आज या कुळात जिराफ आणि काँगोच्या जंगलातला ओकापी असे दोनच वंश उरले आहेत.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे कोणतीही उंच गोष्ट दिसली की तिचा भार कोण उचलतो, हे पाहण्याची आम्हाला खोड लागली आहे. जिराफाकडेही आपण आज त्याच दृष्टीने पाहू.

पुरा वाढलेला नर अठरा फुटांपर्यंत उंच होतो. वाडीतल्या तरुण माडाच्या झावळ्यांना तो उभ्याउभ्या तोंड लावील. वजन हजार-बाराशे किलो. एवढी लांब मान, पण तिच्यात मणके किती? आपल्या मानेत आहेत तितकेच, म्हणजे सात. फरक एवढाच की त्यांतला एकेक मणका वीतभराहून लांब असतो.

आता ओझे पाहा. मेंदू हृदयापासून सुमारे दोन मीटर वर. तेथवर रक्त चढवावयाचे म्हणजे जोराचा पंप हवा. जिराफाचे हृदय दहा-अकरा किलोचे असते आणि त्याची डावी भिंत फार जाड असते. त्याच्या रक्ताचा दाब माणसाच्या सुमारे दुप्पट भरतो. माणसाला एवढा दाब झाला तर डॉक्टर त्याला खाटेवरून उठू देणार नाहीत. हा प्राणी त्यावर जन्मभर हिंडतो. परंतु एकट्या हृदयाने हे साधत नाही. इतक्या दाबाने पायांत रक्त उतरून सूज यावयास हवी. ती येत नाही, कारण पायांची कातडी घट्ट मोज्यासारखी आवळलेली असते. पाणी पिताना तो पुढचे पाय फाकवून डोके जमिनीपर्यंत खाली आणतो. अशा वेळी सगळे रक्त मेंदूकडे धावले तर काय होईल? मानेच्या शिरांतल्या झडपा ते उलटे वाहू देत नाहीत, आणि मेंदूच्या तळाशी असलेले बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाबाचा धक्का सोसण्यास मदत करते. मान सर्वांना दिसते. झडपा, कातडी आणि जाळे कोणाला दिसत नाहीत. पण त्यांतले एक जरी काम सोडून बसले, तरी मान उभी राहावयाची नाही.

ही मान वाढली कशी, यावर दोनशे वर्षे वाद चालू आहे. फ्रेंच पंडित लामार्क याने १८०९ साली सांगितले की, पिढ्यान् पिढ्या मान ताणल्याने ती लांबली. हे मत मागे पडले. ज्यांची मान जन्मतःच थोडी लांब, ते टंचाईत तगले आणि त्यांचा वंश वाढला, हा डार्विनचा विचार टिकला. १९९६ साली काही संशोधकांनी नरांच्या झुंजीकडे बोट दाखविले. नर एकमेकांवर मानेचे तडाखे हाणतात आणि जिंकणाऱ्याला मादी मिळते. पुढे २००७ सालच्या एका अभ्यासात, इतर जनावरांच्या तोंडाबाहेरचा उंचावरचा पाला जिराफाला जास्त मिळतो, असे दिसून आले. बहुधा दोन्ही कारणांत तथ्य असावे.

पाला तरी कसला, तर मुख्यतः बाभळीच्या जातीचा, काट्यांनी भरलेला. हातभर लांब, काळसर जीभ काट्यांमधून फिरवून तो पाने ओरबाडतो. या पाल्यातूनच बरेचसे पाणी मिळते, म्हणून तो काही दिवस पाण्यावाचून काढू शकतो.

मादी सुमारे पंधरा महिने गाभण असते आणि उभ्यानेच विते. पिल्लू पुरुषभर उंचीचे जन्मते, सहा फुटांवरून जमिनीवर आदळते आणि तासाभरात उभे राहते. तरीही सिंह-तरसांच्या तडाख्यातून पहिले वर्ष निभावणारी पिल्ले पुष्कळ ठिकाणी निम्मीच. म्हणून माद्या पिल्ले एकत्र ठेवतात. काही जणी चरावयास गेल्या तर एखादी मागे थांबते. गिरणीतल्या बायांनी चालविलेल्या पाळणाघरासारखाच हा प्रकार. टांझानियातील एका अभ्यासात २०२१ साली असे आढळले की, ज्या माद्या अधिक मैत्रिणींच्या संगतीत राहतात, त्या अधिक काळ जगतात. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हाला फारसे आश्चर्य वाटले नाही.

आता दुसरा प्रश्न. शरीराचा भार शरीराने उचलला. पण या प्राण्याच्या टिकण्याचा भार कोण उचलतो? १९८५ साली आफ्रिकेत दीड लाखावर जिराफ होते. २०१५ पर्यंत ते एक लाखाच्या खाली आले, आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंघाने त्यांना धोक्यातल्या प्राण्यांत घातले. शिकार, युद्धे, रानाची शेती होणे, ही कारणे. २०२५ साली जिराफाच्या एका नव्हे, चार जाती मानण्यात आल्या. नव्या मोजणीत काही ठिकाणी संख्या सावरलेली दिसते. मात्र उत्तरेकडची जात सात हजारांच्या आसपासच आहे.

या उत्तरेकडच्या जातीची एक शाखा पश्चिम आफ्रिकेत नायजर या देशात आहे. नायजेरियाच्या उत्तरेचा हा कोरडा, गरीब मुलूख. १९९६ साली तेथे या शाखेचे मोजून एकोणपन्नास जिराफ उरले होते. आज ते सहाशेच्या पुढे गेले आहेत. आणि हे कोठल्या कुंपणाआड घडले नाही. राजधानीजवळच्या कौरे भागात शेतकऱ्यांच्या शिवारात, गुरांच्या शेजारी हे जिराफ हिंडतात. तेथे सिंह उरलेले नाहीत, ही एक सोय झाली. शिकारीवर बंदी आली, ही दुसरी. पण तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावकऱ्यांना लहान कर्जे मिळाली, गावच्या तरुणांना वाटाड्याचे काम मिळाले, आणि जिराफ जगण्यात त्यांचाही वाटा ठरला.

हा वाटा फुकटचा नव्हता. जिराफ शेतातली चवळी खातो आणि आंबेही. वाल-चवळीचे पीक जनावराच्या तोंडी गेले म्हणजे घरात काय होते, हे आपल्या शेतकऱ्यांना निराळे सांगावयास नको. शिवाय राजधानीच्या चुलींसाठी त्याच झुडुपांची तोड चालते, ज्यांच्यावर जिराफ जगतो. आणि तोडणाराही पोटासाठीच तोडतो. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये कौरे येथे हत्यारबंद टोळीने आठ माणसे मारली. सहा परदेशी मदतकार्यकर्ते होते. उरलेले दोघे नायजरचेच, एक मोटारचालक आणि एक वाटाड्या. मग पाहुण्यांचा ओघ आटला आणि त्यावरची मजुरीही. एका धंद्यावर सगळा संसार टांगून ठेवला की काय होते, हे आम्ही आमच्या लोकांतही पाहिले आहे.

आपल्या जवळचेच पाहा. रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या वाटेला लागले की फणसाडचे रान लागते. एके काळी ही जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची जागा. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तेथे शेकरू आहे, बिबळ्या आहे, आणि त्या रानाच्या आतबाहेर गावेही आहेत. रानडुकराने शेत उकरले तर सरकारी नियमाप्रमाणे भरपाई मिळते. ती पंचनाम्याच्या फेऱ्यांत न अडकता वेळेवर मिळाली पाहिजे, आणि रानाच्या राखणीत, त्यातून मिळणाऱ्या कामात त्या गावांचा हिस्सा ठरला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. रानाचे कौतुक आपण सारे करणार आणि त्याची किंमत एकट्या शेजारच्या शेतकऱ्याने भरावयाची, अशी व्यवस्था फार दिवस चालत नाही.