वाट न चुकणारी वाढ

आंबेगाव तालुक्यात डिंभे येथे घोड नदी अडवून झालेल्या, आणि याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव धारण करणाऱ्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारांवर भाताची खाचरे आहेत. एकाच राबातून उपटलेली रोपे मुरमाड खाचरात लावली, तर ती खुरटून दोन-तीन फुटव्यांवर थांबतात, आणि तळाच्या गाळाच्या खाचरात लावली, तर भरघोस फुटतात. उंची, फुटवे, दाणे यांचा सारा हिशेब जमीन आणि पाऊस यांच्या मर्जीवर चालतो. परंतु भात निसवल्यावर दोन्हीकडचे एकेक फूल उघडून पाहावे, तर पुंकेसर सहाच आणि पिसांसारख्या कुक्षी दोनच. दैन्याने देह घटला, फुलाची घडण मात्र ढळली नाही.

या स्थैर्याला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली ‘कॅनलायझेशन’ हे नाव दिले. वाढणारा जीव म्हणजे डोंगरउतारावरच्या घळीतून घरंगळणारा चेंडू, अशी त्यांची कल्पना होती. वाटेत धक्का बसून तो काठाकडे चढला, तरी घळ पुरेशी खोल असल्यास पुन्हा तळाशीच येतो. नावावरून धरणाचा कालवा आठवेल. पण कालव्याची आखणी अभियंता करतो, या घळी मात्र सह्याद्रीच्या ओढ्यांप्रमाणे कोणी न आखता, असंख्य पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीने खोल होत आल्या आहेत. घळीचा आकार कोणा एका जनुकाच्या हुकमाने ठरत नाही. अनेक जनुके मिळून तो तोलून धरतात, म्हणून एकाने कुचराई केली तरी बाकीचे बहुधा बंदोबस्त राखतात.

याचा परिणाम असा, की बारीकसारीक जनुकीय भेद बाहेर न दिसता आत शिलकीत पडून राहतात. वॉडिंग्टन यांनी फळमाशीच्या कोषांना ४० अंश सेल्सियसची उष्णता दिली, तेव्हा काही माश्यांच्या पंखांतील आडवी शीर नाहीशी झाली. अशाच माश्या निवडून पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावर शेवटी उष्णता न देताही तशा माश्या जन्मू लागल्या. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. उष्णतेने नवे काही घडवले नव्हते. दडलेली शिल्लक तिने उघडी केली होती.

म्हणून डोंगरातल्या घरी कणगीत राखलेल्या जुन्या बियाण्याचे दाणे डोळ्यांना एकसारखे दिसले, तरी आतून ते एकसारखे असतीलच असे नाही. आणि पाऊसकाळ बदलेल त्या वर्षी हीच अदृश्य शिल्लक कामी येऊ शकते, एवढ्यासाठी तरी ती कणगी रिकामी होऊ देऊ नये.