कॅसिनोत जिंकलेले पैसे रोख घ्यावेत की बँकेत? नियम काय सांगतात?

पणजीत मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, कोल्हापूरकडच्या पर्यटकांची गर्दी असते. जिंकलो तर चिप्स काउंटरवर द्यायच्या आणि नोटा खिशात घालून बाहेर पडायचे, एवढेच अनेकांना ठाऊक असते. रक्कम काही हजारांत असेल तर यात फारसे बिघडत नाही. ती दोन लाखांच्या घरात गेली, की मात्र पैसे कसे घेतले हे महत्त्वाचे ठरते. कारण या नियमात दंड पैसे देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो.

कॅसिनो कायदेशीर कुठे आहेत?

गोवा आणि सिक्कीममध्ये परवानाधारक कॅसिनो चालतात. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांतील स्लॉट मशीनना आणि नंतर समुद्र-नदीतील जहाजांना परवानगी देण्यात आली. २१ वर्षांखालील व्यक्तींना तेथे प्रवेश नाही आणि २०२० पासून स्थानिक गोमंतकीयांनाही खेळण्यास बंदी आहे. महाराष्ट्रातही १९७६ चा कॅसिनो कायदा होता. तो कधीच लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला.

जिंकलेल्या रकमेतून हातात किती पडते?

जुगार, लॉटरी, पत्ते यांतून मिळालेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. म्हणजे एकूण ३१.२ टक्के. उत्पन्न खूप मोठे असेल तर अधिभार वेगळा. इतर उत्पन्न कितीही कमी असले तरी या रकमेला करमुक्त मर्यादेचा लाभ मिळत नाही. प्रवास, हॉटेल, प्रवेश शुल्क यांचा खर्च वजा होत नाही आणि जुगारातील तोटाही उत्पन्नातून वळता करता येत नाही.

एकाच वेळची जिंकलेली रक्कम १० हजारांपेक्षा जास्त असेल, तर पैसे देणाऱ्याने ३० टक्के टीडीएस कापायचा असतो. समजा, एखाद्याला तीन लाखांचा जॅकपॉट लागला. ९० हजार टीडीएस कापून त्याला २ लाख १० हजार मिळतील. उपकराचे ३,६०० रुपये विवरणपत्र भरताना द्यावे लागतील. टीडीएस कापला गेला नाही, म्हणून कर माफ होत नाही.

रोख किती घेता येते?

एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. नियम मोडल्यास स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. वरच्या उदाहरणातील २ लाख १० हजार रोख घेतले, तर दंडही तेवढाच. संध्याकाळी लाख आणि रात्री उरलेले, अशी विभागणी करूनही सुटका नाही, कारण एका दिवसातील रक्कम एकत्र मोजली जाते.

शिवाय मनी लाँड्रिंगविरोधी कायद्यानुसार कॅसिनोंना ग्राहकाची ओळख पटवून नोंदी ठेवाव्या लागतात आणि १० लाखांवरील रोख व्यवहार केंद्राच्या वित्तीय गुप्तचर विभागाला कळवावे लागतात.

मग कोणती पद्धत सोयीची?

मोठ्या रकमेसाठी स्वतःच्या बँक खात्यात थेट हस्तांतरण हा सर्वांत सुरक्षित मार्ग. एनईएफटी आणि आरटीजीएस दोन्ही चोवीस तास चालतात. आरटीजीएससाठी किमान रक्कम दोन लाख आहे. अकाउंट पेयी धनादेशही चालतो, मात्र तो वटायला वेळ लागतो. यूपीआय लहान रकमेसाठी ठीक, कारण त्याची नेहमीची दैनंदिन मर्यादा एक लाखाची आहे.

खात्यात आलेल्या पैशांचा स्रोत बँकेच्या नोंदीतच दिसतो. तीच रक्कम रोख आणून नंतर खात्यात भरली, तर ती कुठून आली हे सिद्ध करण्याची जबाबदारी खातेदारावर येते. पैसे मित्राच्या किंवा एजंटच्या खात्यावर घेणे टाळावे.

खेळण्यासाठी पैसे भरताना काय पाहावे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. तो चिप्स खरेदीच्या पूर्ण रकमेवर मोजला जातो. चिप्स न खेळता परत केल्या, तरी ती रक्कम करआकारणीतून वजा होत नाही. क्रेडिट कार्डवर एटीएममधून रोख काढल्यास शुल्क लागते आणि त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. प्रवेश पॅकेजमधील काही चिप्स फक्त खेळण्यापुरत्या असतात. त्यांचे पैसे मिळतात का, हे आधीच विचारावे.

मोबाइलवरील ‘कॅसिनो’चे काय?

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. अशा खेळांचे पैसे वळते करण्यास बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही त्यात मनाई आहे. त्यामुळे ही बेकायदा ॲप अनेकदा भलत्याच व्यक्तींच्या खात्यांतून पैसे फिरवतात. असे पैसे खात्यात आले आणि ते सायबर फसवणुकीचे निघाले, तर तपासात खाते गोठवले जाऊ शकते.

‘जिंकलेले पैसे काढण्यासाठी आधी टॅक्स भरा’ असा संदेश आल्यास तो फसवणुकीचाच समजावा. खरा टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापला जातो. पैसे गेलेच, तर विलंब न करता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

काउंटर सोडण्यापूर्वी काय करावे?

- पॅन क्रमांक बरोबर नोंदवला आहे ना, हे तपासावे.
- चिप्स खरेदीची आणि मिळालेल्या रकमेची पावती घ्यावी.
- टीडीएस कापला असल्यास त्याचे प्रमाणपत्र कधी मिळेल, ते विचारावे.
- काही महिन्यांनी प्राप्तिकर पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणात ही कपात दिसते का, ते पाहावे.
- टीडीएस कापला असो वा नसो, ही रक्कम विवरणपत्रात दाखवावी.