इस्तंबूल शहरी एक दिवस

सुट्टी लागली की सहकुटुंब परदेशी जाण्याचा परिपाठ अलीकडे आपल्या मध्यमवर्गीय घरांतही बराच रूढ झाला आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु चार दिवसांत चाळीस स्थळे उरकावयाची, प्रत्येकापुढे उभे राहून छायाचित्र काढावयाचे, आणि घरी परतल्यावर कोणते चित्र कोठले याविषयी वाद घालावयाचा, असा जो प्रकार पुष्कळदा होतो, त्याने पैसा व पाय दोन्ही झिजतात आणि पदरात फारसे काही पडत नाही. म्हाताऱ्यांपासून मुलांपर्यंत सर्वांना बरोबर घेऊन परके शहर कसे पाहावे, याचा एक अनुभव वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याच हेतूने ही हकीकत लिहीत आहोत.

सन २०२४ च्या ऑक्टोबरात, दसरा आटोपून दिवाळीस अद्याप अवकाश असताना, आम्ही सात माणसे इस्तंबूल येथे आठवडाभर होतो. मंडळींत आमच्या मातुःश्री (वय ७४, गुडघे अधूनमधून रुसणारे), वडील बंधू दादा, वहिनी, आम्ही उभयता, दादांची चौदा वर्षांची कन्या आणि आमचा दहा वर्षांचा चिरंजीव. आदल्या रात्री घरच्या पंचायतीत ठराव झाला की, उद्या तीनच गोष्टी पाहावयाच्या: सकाळी जुने मैदान व आयासोफिया, दुपारी मसाल्याचा बाजार, आणि सायंकाळी बोटीतून आशिया खंडात जाऊन परत. प्रत्येक ठिकाणी चिरंजीवाने एक प्रश्न विचारावा व वडील माणसांनी त्याचे उत्तर द्यावे, अशीही अट पडली. त्याने प्रश्न एकच निवडला, आणि दिवसभर तोच लावून धरला: “हे मूळचे कोठले?”

ट्रामने सुलतान अहमद भागात उतरले की, समोर एक लांबट मोकळी जागा लागते. तिला तुर्की भाषेत ‘आत मेय्दान’ म्हणतात. ‘आत’ म्हणजे घोडा, आणि ‘मेय्दान’ हे आपल्या ओळखीचेच. रोमन सम्राटांच्या काळी येथे रथांच्या शर्यती होत. मध्यभागी तांबूस ग्रॅनाइटचा एक अखंड स्तंभ उभा आहे. त्याच्या चारी बाजूंवर पक्षी, सर्प, डोळे अशी चित्रलिपी इतकी ठसठशीत आहे की, काल कोरली असे वाटावे. इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो कर्नाकच्या देवालयासाठी घडविला, आणि सम्राट थिओडोसियस याने इ. स. ३९० मध्ये तो येथे उभा केला. तो कसा उभारला, याचेही चित्र खालच्या चौथऱ्यावर कोरलेले आहे. दोर ओढणारी ती माणसे शोधून काढण्यात मुलांचा अर्धा तास मोठ्या आनंदात गेला.

पलीकडेच तीन सर्पांच्या वेढ्यांचा कांस्यस्तंभ आहे. इ. स. पू. ४७९ मध्ये प्लातैया येथे ग्रीकांनी इराणी सैन्याचा पराभव केला, त्याच्या स्मरणार्थ तो डेल्फीच्या देवस्थानात उभारला होता. सम्राट कॉन्स्टंटाइन याने तो आपल्या नव्या राजधानीस आणला. सर्पांची डोकी आता नाहीत. एकाचा काही भाग तेथील पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. याच मैदानातील चार कांस्य अश्व मात्र येथून गेले: १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने हे शहर लुटले, तेव्हा ते व्हेनिसला नेण्यात आले, आणि आजही तेथील सेंट मार्कच्या मंदिरात आहेत.

“म्हणजे यांनी आणले ते यांचे, आणि यांचे नेले ते त्यांचे!” चिरंजीवाने हिशेब मांडला. दादा वकिली पेशाचे. तेसुद्धा क्षणभर निरुत्तर झाले.

तेथून आयासोफिया जवळच आहे. २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी प्रवाशांस २५ युरोचे तिकीट काढून वरच्या सज्जातच जाता येई. खालची जागा नमाजासाठी राखलेली होती. स्त्रियांनी मस्तक झाकावे असा तेथील नियम. आमच्या सौ. व वहिनी ओढण्या शोधीत असता मातुःश्रींनी नुसता पदर डोक्यावर घेतला, आणि पुतणीचा हात धरून, दोनदा विसावा घेत, त्या सर्वांच्या आधी वर पोहोचल्याही.

सज्जाच्या कठड्याशी उभे राहून वर पाहिले म्हणजे प्रथम काही सुचत नाही. सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट, जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंच, आणि त्याच्या पायथ्याशी ओळीने ४० खिडक्या; त्यांतून उजेड असा येतो की, घुमट भिंतींवर टेकलेला नसून प्रकाशावर ठेवला आहे असा भास व्हावा. सम्राट जस्टिनियन याने ५३२ साली काम आरंभिले आणि ५३७ साली पुरे केले. अँथेमियस व इसिडोर हे त्याचे दोन शिल्पज्ञ गणिती होते. पुढे ९१६ वर्षे हे ख्रिस्ती उपासनामंदिर होते. १४५३ साली सुलतान दुसरा मेहमद याने शहर जिंकले व त्याची मशीद झाली. १९३४ साली तुर्की प्रजासत्ताकाने त्याचे संग्रहालय करण्याचा निर्णय घेतला व पुढल्या वर्षी ते सर्वांस खुले झाले. २०२० च्या जुलैत न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला आणि तेथे पुन्हा नमाज सुरू झाला. म्हणून त्याच भिंतींवर एकीकडे सोनेरी खड्यांतील येशू व मेरी, आणि दुसरीकडे साडेसात मीटर व्यासाच्या ढालींवर अरबी सुलेखन, अशी दोन्ही दृश्ये एकाच दृष्टिक्षेपात येतात. सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर उत्तरेकडील कोणा भाडोत्री सैनिकाने आपल्या लिपीत नावही खरडून ठेवले आहे. त्यातील ‘हाल्फदान’ एवढेच वाचता येते. भिंतीवर नाव कोरण्याची खोड केवळ आपल्याकडील किल्ल्यांपुरती नाही, हे पाहून पुतणीस फारच मौज वाटली.

“मग हे खरे कोणाचे?” चिरंजीवाचा प्रश्न येथे बदलला, आणि मोठ्या माणसांत मतभेद झाला. दादांचे म्हणणे असे पडले की, ज्या वास्तूवर दोन धर्मांचा जीव आहे ती कोणाच एकाची न ठेवता संग्रहालय करणे हाच न्याय होता. वहिनींना ते पटले नाही. ज्या गाभाऱ्यात दिवा लागत नाही तो गाभारा कसला, उपासनेसाठी बांधलेल्या जागेत उपासना व्हावी हे स्वाभाविक आहे, असे त्या म्हणाल्या. त्यावर पुतणीने विचारले, “मग पहिल्यांदा ज्यांनी उपासना केली, त्यांची का नको?” दोन्ही पक्षांना तोडीस तोड उत्तर सापडेना.

मातुःश्री इतका वेळ घुमटाकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “बांधले कोणी आणि घेतले कोणी, ते तुम्ही सांगितलेत. पण दीड हजार वर्षे हे पडू कोणी दिले नाही, ते नाही सांगितलेत.”

हा प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि सुदैवाने त्याचे उत्तर इतिहासात आहे. पहिला घुमट ५५८ मध्ये भूकंपांच्या धक्क्यांनी कोसळला. मूळ शिल्पज्ञाच्या पुतण्याने, त्याचेही नाव इसिडोर, तो अधिक उंच करून ५६२ मध्ये पुन्हा बांधला. ९८९ च्या भूकंपात त्याचा काही भाग पुन्हा पडला. तो त्रदात नावाच्या अर्मेनियन शिल्पज्ञाने सावरला. १३१७ साली सम्राट दुसरा अँड्रोनिकस याने बाहेरून नवे टेकू दिले. सोळाव्या शतकात विख्यात तुर्की वास्तुशास्त्रज्ञ सिनान याने भिंतींना बळकटी आणली. १८४७ ते १८४९ या काळात सुलतान अब्दुल मजीद याने फोसाती नामक स्विस बंधूंकडून सबंध इमारतीची दुरुस्ती करविली. ग्रीक, अर्मेनियन, तुर्क, स्विस अशा किती हातांनी तो घुमट तोलून धरला आहे! बाहेर आलो तेव्हा एका मिनाराभोवती परांची बांधलेली दिसली. “चालूच आहे काम,” मातुःश्री समाधानाने म्हणाल्या.

आता भोजनाविषयी. आमच्यासारख्या शाकाहारी मंडळींस तुर्की देशात उपास घडेल, ही भीती निराधार आहे. ‘एत्सिझ’, म्हणजे मांसाविना, हा एक शब्द पाठ करून जावा. मसुरीचे सार उत्तम मिळते. मात्र ते मांसाच्या रश्शात शिजविलेले नाही ना, एवढे विचारून घ्यावे. द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून ऑलिव्हच्या तेलात केलेली सुरळी पाहून वहिनींना आळूवडीची आठवण झाली. तीळ लावलेली ‘सिमित’ नावाची पावाची कडी तर हातगाडीवर जागोजाग मिळते. आणि ‘आयरान’ म्हणजे निव्वळ खारे ताक. मातुःश्रींनी दोन पेले घेतले व “जिरे नाही, एवढेच,” असा अभिप्राय दिला.

दुपारचा मसाल्याचा बाजार गोल्डन हॉर्न खाडीच्या काठी आहे. सतराव्या शतकातील ही कमानदार इमारत शेजारच्या नव्या मशिदीच्या खर्चासाठी बांधली गेली. तिचे नाव ‘मिसर बाजार’, कारण ती इजिप्तच्या महसुलातून उभी राहिली, असे सांगतात. तेथे पोत्यापोत्यांनी मिरी मांडलेली पाहून दादा चिरंजीवास म्हणाले, “विचार आता, मूळची कोठली!” मलबारची मिरी शतकानुशतके अरबी समुद्र, तांबडा समुद्र व कैरो अशा मार्गाने याच बंदरास येत असे. तुर्की भाषेत तिला ‘बिबेर’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ शोधीत गेले तर ग्रीकमार्गे आपल्या पिप्पलीपाशी पोहोचता येते. ‘शेकेर’ म्हणजे साखर. तिचे मूळ शर्करा. बदामास ‘बादेम’, दुकानास ‘दुक्क्यान’, हिशेबास ‘हेसाप’. नारळाचे नाव ‘हिंदिस्तान जेविझी’, म्हणजे हिंदुस्थानचा अक्रोड. सर्वांत मौज एका पक्ष्याची: इंग्रज ज्यास ‘टर्की’ म्हणतात, त्यास तुर्क लोक ‘हिंदी’ म्हणतात, आणि तो बिचारा मूळचा अमेरिकेचा! पुतणीने हे सर्व शब्द वहीत उतरून घेतले.

सायंकाळी एमिनोनूच्या धक्क्यावरून कादिकोयची बोट धरली. युरोपातून आशियात जावयास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, व भाडे आपल्या खिशाला परवडेल इतके माफक असते. बोटीवर कमरेशी निमुळत्या काचेच्या पेल्यांत कोरा चहा फिरतो; त्याचेही नाव ‘चाय’च. मुले समुद्रपक्ष्यांना सिमितचे तुकडे टाकीत होती. पलीकडच्या तीरावर सेलिमिये बराकीचे चार मनोरे दिसतात. १८५४ साली क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने तेथील जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, आणि पुढे कित्येक वर्षे हिंदुस्थानातील आरोग्याच्या प्रश्नावर लिहिले. मागे वळून पाहावे तो मावळत्या सूर्यापुढे घुमट व मिनार काळ्या रेघांनी काढल्यासारखे उभे. त्यांच्या उजवीकडे तोपकापी राजवाडा. ‘तोप’ म्हणजे आपली तोफ, ‘कापी’ म्हणजे दरवाजा. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली, ती ‘रूमी’ म्हणविणाऱ्या कारागिराने. रूम म्हणजे हाच मुलूख, हे दादांनी सांगितले तेव्हा मुलांना ते राजवाड्याचे नाव एकदम जवळचे वाटू लागले.

तेवढ्यात चिरंजीवाने आजीस विचारले, “आणि आपले गावचे घर कोणाचे?”

आमचे कोकणातील कौलारू घर आजोबांनी बांधलेले. तेथे आता कोणी राहत नाही. ते विकावे असे दादांचे मत, ठेवावे असे आमचे. हा विषय तीन वर्षे घरात निघे व कोणीतरी पानावरून उठले म्हणजे मिटे. मातुःश्रींनी आजवर कोणाचीच बाजू घेतली नव्हती. त्या चहाचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, “हिस्सा मागायला सगळे येतात. पाऊस पडतो तेव्हा घर कोणाचेच नसते.”

बोटीच्या यंत्राचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने दादा आमच्याकडे न पाहता म्हणाले, “विकायचे की ठेवायचे, ते मागाहून. पावसाआधी कौले चाळून घेऊ. खर्च निम्मा निम्मा.” आम्ही ‘बरे’ म्हणालो. दुसरे काही बोलणे झाले नाही. कादिकोयला उतरून मंडळींनी भाजलेली कणसे खाल्ली आणि पुढल्याच बोटीने परतलो.

पुढल्या चैत्रात कौले चाळून झाली, दोन वासेही बदलले. विक्रीचा प्रश्न अजून तसाच आहे. पण तो आता भांडणावाचून बोलता येतो, आणि घर गळत नाही.

वाचकांस आमची सूचना इतकीच: परदेशी गावी एका दिवसात तीनहून अधिक स्थळे धरू नयेत, वडील माणसांच्या चालीने चालावे, कारण थांबावे लागते तेथेच पुष्कळ दिसते, जेवणाचे दोन शब्द त्या देशाच्या भाषेत पाठ करावे, मुलांच्या हाती एक कोरी वही द्यावी. आणि कोणतीही जुनी वास्तू दाखविताना ती कोणी बांधली व कोणी जिंकली हे सांगून झाले, म्हणजे ती कोणी दुरुस्त केली हेही मुलांना अवश्य सांगावे.