बदलता पत्ता आणि राउटरचे दप्तर

प्रत्येक मोबाईलच्या वाय-फाय यंत्रणेस कारखान्यातच १२ अक्षरांकांचा एक कायम पत्ता बहाल होतो, त्यास मॅक ॲड्रेस म्हणतात. परंतु या पत्त्याचा माग काढून माणसाचा वावर टिपता येतो, हे ध्यानी घेऊन अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) यांपासून फोन प्रत्येक नेटवर्कला निराळा, यदृच्छेने रचलेला पत्ता सादर करू लागला. ही तजवीज मला मनापासून रास्त वाटते. अडचण उद्भवते ती अशा वसतिगृहांत किंवा कचेऱ्यांत, जेथे राउटरच्या दप्तरी नोंदलेल्या पत्त्यांनाच प्रवेशाचा परवाना असतो: पासवर्ड बिनचूक असूनही जोडणी नामंजूर होते. पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, उदाहरणार्थ आरंभी ‘३ई’ दिसत असेल, तर तो बहुधा असा रचलेलाच समजावा. आयफोनवर सेटिंग्जमधील वाय-फायमध्ये नेटवर्कच्या नावाशेजारचे ‘आय’ चिन्ह दाबून ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ बंद करावा; अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या ‘प्रायव्हसी’ सदरात फोनचा मूळ मॅक निवडावा, आणि मग जोडणी तोडून पुन्हा जोडावी. हा बदल त्या एका नेटवर्कपुरताच राहतो. रेल्वे स्थानकावरील वा उपाहारगृहातील वाय-फायसाठी तो कदापि करू नये.